निर्णय विभागातली आत्या

रत्नाआत्याच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. डॉक्टर तयार होते, रुग्णालय तयार होतं, भाची केतकी तर कधीची तयार होती. आत्या नको म्हणाली.

एरवी अशा वेळी माणसं गोळा होतात, समजूत काढतात, कुणीतरी जाणतं बोलावलं जातं. इथं तीही सोय उरली नव्हती. कारण एखादी गोष्ट करावी की करू नये, या प्रश्नावर अख्ख्या महाराष्ट्रात सर्वांत विश्वासार्ह मानली गेलेली व्यक्ती म्हणजे खुद्द रत्नप्रभा डुबल, राहणार कराड. तसं 'पारख'मध्ये नोंदवलेलं होतं. आणि ती नोंद केतकीनंच केली होती.

'पारख' ही यादी होती. त्याआधी काही वर्षं इंटरनेट नासलं होतं. यंत्रं लेख लिहायची, दुसरी यंत्रं त्यांची तारीफ करायची, तिसरी ती तारीफ वाचून पहिल्या यंत्रांना उत्तम म्हणायची. कुकरची शिट्टी कशी बदलायची हे शोधायला गेलेला माणूस कुकरवरचं तत्त्वज्ञान वाचून उपाशीपोटी परत यायचा. तेव्हा लोकांनी आपली आपण एक यादी सुरू केली. ज्याला जे खरोखर उपयोगी पडलं ते त्यानं एका ओळीत लिहायचं. भूमितीचं पुस्तक, मिक्सर दुरुस्त करणारा माणूस, गुडघ्याचे व्यायाम, मोडी लिपी शिकवणारी चित्रफीत. फार तारीफ करायची नाही. ओळखीच्यांचा प्रचार करायचा नाही. प्रत्येक विभागाला एक राखणदार, तो तपासणार, मगच नोंद आत जाणार.

खोटेपणा रोखायला एक चिमटा असे. पुण्यातल्या डॉ. वर्तक नावाच्या बाईंना असं आढळलं होतं की माणूस स्वतः भोगलेली गोष्ट आठवतो तेव्हा त्याचं सगळं शरीर ती पुन्हा थोडीशी जगतं. मिसळ आठवली की जीभ जरा सरसावते, रिक्षाचा हिसका आठवला की पाठ किंचित ताठ होते. ऐकलेली गोष्ट सांगताना मात्र फक्त भाषेचं काम चालतं, शरीर झोपलेलं असतं. हा फरक कानामागच्या एका नसेत विजेच्या बारीकशा लहरीनं उमटतो. तो चिमटा कानाला लावून शिफारस बोलायची. लहर उमटली तर चिमटा म्हणे 'स्वानुभव'. नाही उमटली तर म्हणे 'ऐकीव', आणि ते अशा आवाजात, की माणसाला शाळेत बाकावर उभं केल्यासारखं वाटे.

यादी इतकी खरी निघाली की घराघरातली सहायक यंत्रं दुसरीकडे बघेनाशी झाली. मालकानं काही विचारलं की यंत्र थेट पारख उघडायचं.

केतकी कराडमधल्या एका कंपनीत लिफ्टना मराठी बोलायला शिकवायची. आईवडील सुरतेला, ती लहानपणापासून आत्याकडे. आत्यानं आयुष्यभर मुलींचं वसतिगृह सांभाळलं होतं, त्यामुळे 'नको' हा शब्द तिच्या तोंडात कायम तयार असायचा, इतरांच्या तोंडात सुपारी असते तसा. आत्या, नोकरी सोडून कॅफे काढू का? नको. आत्या, त्याला परत फोन करू का? नको. कारण नाही, भाषण नाही. मटार सोलता सोलता नको. आणि गंमत अशी की तो ऐकला की केतकीला एकदम हलकं वाटायचं, कारण तिलाही ते करायचं नसायचंच. फक्त कुणीतरी म्हणायला हवं असायचं.

म्हणून एका रविवारी तिनं 'निर्णय घेणे' या विभागात नोंद पाठवली: "रत्नाआत्या, कराड. विचारल्यावर 'नको' म्हणतात. बरं वाटतं."

त्या विभागाच्या राखणदार खराडेबाई म्हणजे इस्लामपूरच्या निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी हरकत घेतली की आत्या ही वस्तू नव्हे. केतकीनं कळवलं की पुस्तक चालतं, चित्रफीत चालते, मग आत्या का नाही. नियमात आत्यांविरुद्ध काही लिहिलेलं नाही. खराडेबाईंनी नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. खरंच नव्हतं. ओळखीच्यांचा प्रचार हा मुद्दा होता, पण आत्याला यातून काहीच मिळणार नव्हतं. तेव्हा त्यांनी स्वतः फोन करून आत्याला विचारलं की घरात दुसरा फ्रिज घ्यावा का. आत्या नको म्हणाली. खराडेबाईंनी त्या संध्याकाळी पुष्कळ महिन्यांनी शांतपणे चहा घेतला आणि नोंद मंजूर केली.

त्यानंतर जे झालं त्याला केतकी जबाबदार होती असं तिचे वडील म्हणत. सुरतेहून म्हणत, त्यामुळे त्याचा फारसा त्रास नव्हता.

आधी माणसांचे फोन आले. पुतळा बसवावा का, मुलाला तिसरा क्लास लावावा का, लग्नात ड्रोननं अक्षता टाकाव्यात का. मग माणसांना फोन करायचाही कंटाळा आला आणि त्यांची यंत्रं परस्पर विचारू लागली. आत्याचा फोन ओट्यावर पडलेला असायचा आणि ती पोळ्या लाटता लाटता त्याच्याकडे न बघता नको, नको, नको म्हणत राहायची. एका नगरपालिकेच्या यंत्रानं विचारलं की चांगला रस्ता उकरून पुन्हा करायचा का. नको. एका साखर कारखान्याच्या यंत्रानं विचारलं की अध्यक्षांच्या वाढदिवसाला हेलिकॉप्टरमधून साखर उधळायची का. आत्यानं लाटणं खाली ठेवलं आणि मग नको म्हणाली.

राज्यात एक विचित्र शांतता पसरली. लोक वेळेवर घरी येऊ लागले, कारण बाहेर जे करायचं ठरवलं होतं ते रद्द झालेलं असे. व्यापाऱ्यांचं शिष्टमंडळ पुण्याहून आलं, शाल आणि नारळ घेऊन. खरेदी निम्म्यावर आली आहे, आम्ही आपल्यावर दावा लावावा की काय, असं त्यांच्यातल्या सर्वांत जाड माणसानं विनयानं विचारलं. आत्या नको म्हणाली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण केतकीच्या डोळ्यांदेखत उतरला. ते पोहे खाऊन गेले.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग आत्याला दम लागू लागला.

आधी जिन्यावर, मग अंगणात, मग बोलताना. चार शब्द झाले की ती थांबायची, ओट्याला हात टेकायची, आणि उरलेलं वाक्य नंतर पूर्ण करायची, जणू मध्ये कुणी दारात आलं होतं. डॉ. इम्तियाज मुल्लांनी तपासलं. झडप दगडासारखी झाली होती, रक्त तिच्यातून कसंबसं वाट काढत होतं. बदलली तर आत्या पुढची कितीतरी वर्षं धडधाकट. नाही बदलली तर काय, यावर त्यांनी दिवाळीच्या पुढचं काही बोलायचं टाळलं.

रुग्णालयात 'संमती' नावाचं यंत्र होतं. त्यानं गोड आवाजात सगळे फायदे-तोटे समजावले आणि विचारलं, "शस्त्रक्रिया करायची का?"

आत्या नको म्हणाली.

आणि खटका पडला. कायदा असा होता की रुग्णानं एकदा नकार दिला की पुन्हा विचारायचं नाही. नातेवाइकांनी लकडा लावला तर तो दबाव म्हणून नोंदवला जाणार. कायदा चांगला होता. घरच्यांनी रेटून रेटून म्हाताऱ्या माणसांकडून काय काय मान्य करून घेतलं होतं, त्यावरून तो आला होता, आणि केतकीनं कॉलेजात असताना त्याच्या बाजूनं मोर्चात घोषणाही दिल्या होत्या. एक वाट त्यातही होती: दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला मागवता येई आणि त्या निमित्तानं विषय पुन्हा निघे. संमतीनं लगेच पारख उघडली, 'निर्णय घेणे' विभागातला सर्वांत वरचा तज्ज्ञ काढला आणि त्याला फोन लावला. आत्याच्या पर्समधला फोन वाजला.

"एका रुग्णाच्या झडपेबाबत विचारायचं होतं," संमती म्हणाली.

आत्या तिच्यासमोरच बसली होती. तिनं फोन कानाला लावला आणि नको म्हणाली.

 डॉ. मुल्लांनी केतकीला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की आत्याबाईंची नोंद यादीतून निघाली तर संमतीला दुसरा कुणी तज्ज्ञ शोधावा लागेल, आणि मग काहीतरी करता येईल.

नोंद खोटी नसेल तर ती काढायचा हक्क जिनं ती घातली तिलाच होता. केतकीनं घरी येऊन चिमटा कानाला लावला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली की रत्नाआत्याचा मला काही उपयोग झाला नाही.

"ऐकीव," चिमटा म्हणाला.

तिनं डोळे मिटून म्हटलं. ऐकीव. तिनं आत्यानं लहानपणी दिलेल्या दोन धपाट्यांची आठवण मनात आणून म्हटलं. चिमटा क्षणभर घुटमळला आणि ऐकीवच म्हणाला. बहुधा धपाटेही उपयोगी पडले होते.

मग एकच उपाय राहिला. आत्याचा नको चुकीचा निघाल्याचा खराखुरा अनुभव घ्यायचा. केतकीनं विचारलं, कपाळावर केस कापू का? नको. तिनं कापले. सोमवारी कंपनीतल्या लिफ्टनं तिला ओळखलं नाही आणि ती जिन्यानं पाचव्या मजल्यावर गेली. तिनं विचारलं, बाजारात ते भाकरीचं आइस्क्रीम आलंय, खाऊ का? नको. तिनं खाल्लं. त्याविषयी ती पुढे कुणाशीही बोलली नाही. तिनं विचारलं, कोल्हापूरच्या त्या शार्दूलला भेटू का? नको. ती भेटली. शार्दूलनं तिला आपल्या झोपेचे आलेख दाखवले, महिन्यावार.

प्रत्येक वेळी घरी येऊन ती चिमटा लावायची, आणि चिमटा तिचा अनुभव इमानदारीनं नोंदवायचा, फक्त उलट्या बाजूनं. आठवड्याअखेर आत्याची नोंद यादीत आणखी ठळक झाली. खराडेबाईंचा अभिनंदनाचा निरोप आला.

केतकीनं त्यांना फोन केला आणि पहिल्यांदाच रडली. काय झालंय ते सगळं सांगितलं. तुम्ही राखणदार आहात, तुम्ही काढून टाका, असं म्हणाली.

 खराडेबाई म्हणाल्या, "बाळ, मी खोटी नोंद काढू शकते. ही खोटी नाही. अपुरी असेल, तर काय अपुरं आहे ते शोध. दुरुस्ती मी उभ्या उभ्या मंजूर करीन."

अपुरं काय होतं, ते दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना कळलं.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. पानातलं कसंबसं संपवत होती. केतकीनं शेवयांची खीर केली होती, आत्याच्या आवडीची, वेलची जास्त घालून.

"वाढू का?"

"नको."

केतकीनं आग्रह केला नाही. तिच्या डोक्यात झडप होती. तिनं पातेलं उचललं, आत पाहिलं आणि ओट्याकडे जाता जाता अगदी सहज म्हणाली, "एवढीशीच उरलीय. ओतून देते."

मागून वाटी जमिनीवर सरकल्याचा आवाज आला.

"ओततेस कशाला," आत्या म्हणाली, दम घेतला, "इकडे आण."

केतकी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली. चोवीस वर्षांचं आयुष्य तिच्या डोळ्यांपुढून गेलं आणि त्यात सगळीकडे आत्या काहीतरी संपवत होती. सकाळची पोळी, पाहुण्यांनी ठेवलेला लाडू, साबणाची चकती नव्या साबणाला चिकटवून. आपल्यासाठी नव्यानं काही करायचं म्हटलं की नको. कुणाला त्रास नको, गॅस नको, रिक्षा नको. पण करून झालेली वस्तू वाया जाते म्हटल्यावर तिनं कधी कशालाही नको म्हटलं नव्हतं. एकदा पाहुणे न आल्यामुळे तिनं एकटीनं नऊ जणांचं श्रीखंड चार दिवस खाल्लं होतं आणि पाचव्या दिवशी डबा विसळून ते पाणी प्यायली होती.

डॉक्टरांनी तिला फायदे सांगितले, यंत्रानं तोटे सांगितले. सगळ्यांनी झडप "करायची का" असं विचारलं. केलीच आहे, असं कुणी म्हटलंच नव्हतं.

केतकीनं वाटीत खीर ओतली आणि अंगणात जाऊन डॉ. मुल्लांना फोन लावला. झडप कुठून येणार आहे, असं विचारलं.

त्यांनी सांगितलं की हल्ली बाहेरची झडप बसवत नाहीत. पहिल्या तपासणीला जे रक्त घेतलं जातं त्यातल्याच पेशींपासून रुग्णाची झडप वाढवतात. मासेमारीच्या जाळ्यासारखा एक विरघळणारा साचा असतो, त्यावर पेशी चढत जातात, साचा विरघळतो आणि झडप उरते. वाढायला आठवडे लागतात, म्हणून रक्त आलं की प्रयोगशाळा वाट न बघता लावूनच टाकते, दही लावावं तसं.

"म्हणजे आत्याची झाली?"

"परवाच. कोमट पेटीत आहे. उघडझाप सुद्धा करतेय. छान झालीय हो," डॉक्टर म्हणाले आणि त्यांचा आवाज जरा पडला.

दुसऱ्या कुणाला चालेल का, असं केतकीनं विचारलं. चालणार नव्हती. माप आत्याचं, पेशी आत्याच्या, दुसऱ्याचं शरीर ती फेकून देणार. आणखी थोडे दिवस पेटीत राहील, मग टाकावी लागेल.

"हे तिला सांगितलंत?"

"हे काय सांगायचं? पेशंटला उगाच ओझं वाटायचं."

केतकी म्हणाली की डॉक्टर, तुम्ही आमच्याकडे कधी जेवायला आला नाहीत म्हणून तुम्हाला माहीत नाही.

संमतीला विचारावं लागलं. लकडा चालत नाही, पण रुग्णाला माहीत नसलेली खरी गोष्ट सांगणं हा दबाव आहे का? संमतीनं कायदा तपासला. मग कळवलं की वस्तुस्थिती रुग्णाला सांगता येईल, एकदाच, साध्या शब्दांत, हातवारे न करता. नवी माहिती मिळाली म्हणून नंतर प्रश्न पुन्हा एकदा विचारता येईल, पण तो यंत्रच विचारेल आणि उत्तर नको आलं तर विषय कायमचा बंद.

म्हणजे एकच संधी. केतकीनं आयुष्यात लिफ्टसाठी शेकडो वाक्यं लिहिली होती, पण इतकी भीती कुठल्याच वाक्याची वाटली नव्हती.

संध्याकाळी ती आत्याच्या पलंगाशी बसली. फोन मध्ये ठेवला, त्यात संमती. हात मांडीखाली दाबून धरले, कारण ते हलण्याची शक्यता होती.

"आत्या, तुझी झडप करून झालीय. तुझ्याच मापाची आहे, दुसऱ्या कुणाला बसत नाही. नाही बसवली तर टाकून देणार."

आत्यानं तिच्याकडे बघितलं. मग फोनकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"करून झाली?"

"हो."

"न विचारता?"

"रक्तातूनच झाली. वेगळं काही आणावं लागलं नाही."

 केतकीला आत्याचा श्वास ऐकू येत होता, अडखळत, थांबत. आत्या काहीतरी हिशोब करत होती, असा तिचा चेहरा होता.

"तुझी रजा?" तिनं विचारलं.

"उरलीय. डिसेंबरला बाद होते."

ती थाप नव्हती. केतकीची रजा खरंच उरली होती आणि खरंच बाद होणार होती. ती सांगितली तर दबाव होतो का, याचा संमतीनं क्षणभर विचार केला असावा, कारण फोनवरचा हिरवा दिवा लुकलुकला. मग स्थिर झाला.

"शस्त्रक्रिया करायची का?" संमतीनं विचारलं.

"आता केलीच आहे म्हटल्यावर," आत्या म्हणाली, थांबली, दम घेतला, "बसवून टाका. उगाच वाया... कशाला घालवायची."

केतकीनं मांडीखालचे हात काढले. दोन्ही बधिर झाले होते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी ती रुग्णालयाच्या बाकावर बसली आणि करायला काही नव्हतं म्हणून तिनं दुरुस्ती लिहिली. "रत्नाआत्या, कराड. नव्या गोष्टीला 'नको' म्हणतात, बरं वाटतं. मात्र प्रश्न त्यांच्या स्वतःबद्दलचा असेल तर काय आधीच तयार आहे ते आधी सांगावं." चिमट्यात बोलली. स्वानुभव, चिमटा म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज तिला बरा वाटला. खराडेबाईंचं उत्तर लगेच आलं: दुरुस्ती उत्तम आहे, पण आधी आत बाईंचं कसं आहे ते कळव, मंजुरी कुठे पळून जात नाही.

मग डॉ. मुल्ला टोपी काढत बाहेर आले आणि बोलायच्या आधीच हसले. झडप बसली होती. पहिल्या ठोक्यालाच उघडली होती. केतकी बाकावरून उठली, काय करावं ते न सुचून पुन्हा बसली, आणि शेजारच्या अनोळखी आजोबांनी तिला निम्मं संत्रं दिलं. ते तिनं सालीच्या पांढऱ्या दोऱ्यांसकट खाल्लं. इतकं गोड संत्रं तिनं त्याआधी खाल्लं नव्हतं.

आत्याला भेटता आलं ते दुसऱ्या दिवशी. चेहऱ्यावर रंग परतला होता. केतकी वाकली तर आत्यानं तिला बाजूला सारून मागे उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं.

"जुनी कुठाय?"

डॉ. मुल्लांना आधी कळलं नाही. मग कळलं. ती काही कामाची नव्हती, दगड झाली होती, नियमाप्रमाणे नष्ट केली, असं ते चाचरत म्हणाले.

"नष्ट केली म्हणजे, अहो, पासष्ट वर्षं रात्रंदिवस काम केलेली वस्तू आणि तुम्ही मला दाखवलीसुद्धा नाहीत, एखाद्या कॉलेजला दिली असतीत तर चार पोरं तिच्यावर शिकली असती, निदान बघून तरी ठेवली असती की दगड होतो म्हणजे काय होतं, पण नाही, उचलली आणि टाकली, हीच तुम्हा लोकांची सवय, आमच्या वसतिगृहात एक मुलगी होती तीसुद्धा अशीच अर्धी पेन्सिल फेकायची..."

डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते. केतकीनं खुर्ची ओढली, पलंगाच्या कडेला हनुवटी टेकली आणि नुसती ऐकत राहिली. आत्याला कुठंही थांबावं लागत नव्हतं.